दिवसा वानरं येतात, मग रात्री रताळी कोण खणतं?

पत्र थोडक्यात असं आहे: लिहिणाऱ्या ताई रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. नवरा मुंबईत नोकरीला, घरी त्या, सासूबाई आणि चौथीतली मुलगी. घरामागे सात-आठ गुंठ्यांचं परडं आहे, त्यात भाजीचा मांडव, शेवगा, पपया, केळी, थोडे माड आणि एका कोपऱ्यात रताळी-कणगी असे कंद. वानरांनी शेवगा ओरबाडला, पपया अर्धवट खाऊन टाकल्या, घराची कौलं फोडली. रताळ्यांचा तर एका रात्रीत सत्यानाश झाला. सासूबाई दर शनिवारी मागच्या गडग्यावर, म्हणजे परड्याच्या दगडी कुंपणावर, वानरांसाठी शेंगदाणे आणि भाकरी ठेवतात. आधी सासरे ठेवायचे, ते गेल्यापासून सासूबाई ठेवायला लागल्या, आणि सगळ्याचं मूळ हेच आहे असं ताईंना वाटतं. नवऱ्याने मुंबईहून माकडं पळवायची पाइपची बंदूक पाठवलीय. शेजारचे काका म्हणतात रात्रीचा कुंपणाला करंट सोडा, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. मध्यंतरी परड्यात लांबलचक धामण दिसली म्हणून ताईंनी सगळीकडे डांबरगोळ्या टाकल्यात. प्रश्न दोन: या प्राण्यांचा कायमचा बंदोबस्त कसा करू, आणि सासूबाईंना कसं थांबवू? शेवटी जाता जाता एक ओळ, "रताळ्यांच्या वाफ्यात मुलीला काळा-पांढरा काटा मिळाला, तो तिने कंपासपेटीत ठेवलाय."

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ती शेवटची आहे. तो काटा साळिंदराचा. तुमच्याकडे कोणी साळ म्हणत असेल, कोणी सायाळ, जनावर एकच. मुलीला कंपासपेटी उघडायला सांगा आणि बघा, हातात घेतला तर हलका लागतो, काळे-पांढरे पट्टे आणि टोक असं की बोटात सहज घुसेल. असाच असेल तर रताळी वानरांनी खाल्लेलीच नाहीत. वानरं अंधार पडायच्या आत झाडावर चढून बसतात ती उजाडेपर्यंत खाली उतरत नाहीत, आणि साळिंदराचं बरोब्बर उलटं, दिवसभर बिळात आणि रात्री बाहेर, रताळी कणगी करांदे असं जमिनीखाली जे काही पिठूळ असेल ते उकरून खायचं हेच त्याचं काम. म्हणजे तुमची जी सगळ्यात मोठी नुकसानी झाली, जिच्यावरून तुम्ही आणि सासूबाई बोलायच्या थांबलात असं पत्रावरून वाटतंय, तिचा शनिवारच्या भाकरीशी काही संबंध नाही.

हे आधी सांगितलं कारण मला येणाऱ्या अशा पत्रांमध्ये हे नेहमी होतं. दिसतो त्याच्या नावावर सगळं खातं टाकलं जातं. वानर दिसतं, आवाज करतं, कौलावर धपाधप उड्या मारतं, म्हणून पपई पोखरली वानराने, नारळ पडला वानराने, वाफा उकरला तोही वानरानेच. आणि मग उपाय सगळे वानरांवर, आणि रात्रीचा जो कोण आहे तो आरामात येतोय जातोय.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. न्हाणीच्या चुलीतली राख चाळून घ्या, झोपायच्या आधी वाफ्याच्या कडेने आणि गडग्याला खाली पाणी जायला जे भोक ठेवलेलं असतं त्याच्या तोंडाशी पातळ पसरा, आणि सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी जाऊन बघा, नाहीतर त्यांचेच पाय मोजत बसाल. दोन खुरांचा ठसा आणि माती नांगरल्यासारखी उलथलेली असेल तर रानडुक्कर, ते एका जागी थांबत नाही, सरळ पट्टाच्या पट्टा उलटवत जातं. वेगवेगळे खड्डे, आजूबाजूला कुरतडलेले तुकडे आणि झाडाच्या बुंध्याची साल खालून तासलेली असेल तर साळिंदर. वर वेल हिरवागार पण खालून कंद पोकळ, आणि जवळपास भोकाशी ताज्या मातीचा ढीग असेल तर घूस. पपई रात्रीत पोखरली गेली आणि गडग्यावर बिया भरलेली विष्ठा दिसली तर ते उदमांजर, कांडेचोर म्हणतात ते. आणि नारळाच्या कोवळ्या फळाला देठाजवळ गोल भोक असेल तर बहुतेक उंदीर. त्यावर माडाच्या खोडाला जमिनीपासून पुरुषभर उंचीवर हातभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळतात, उंदीर त्यावरून घसरतो, पण माडाची झावळी शेजारच्या झाडाला लागत असेल तर पत्र्याचा उपयोग शून्य. चार-पाच रात्री ही राख टाका आणि वहीत लिहा. मुलीला द्या हे काम, ती आवडीने करेल.

आता साळिंदराचं. ते चढत नाही, उडी मारत नाही, पण खणतं, आणि गडग्याखालच्या भोकातून सहज आत येतं. त्यामुळे पूर्ण परड्याला कुंपण घालायची गरजच नाही, फक्त कंदांचा तो कोपरा सांभाळायचा. एक गुंठा म्हणजे साधारण तेहतीस बाय तेहतीस फूट, तेवढ्याला वेल्डमेश जाळी घ्या, कोंबड्यांची पातळ जाळी घेऊ नका ती टिकत नाही. चार फुटी जाळी घ्यायची, फूटभर चर खणून त्यात गाडायची आणि गाडताना तळाचा भाग बाहेरच्या बाजूला वळवायचा, म्हणजे बाहेरून उकरायला लागलं की नखं जाळीवरच आपटतात. वर जवळपास तीन फूट राहिली तरी पुरे. गडग्याच्या भोकाला लोखंडी सळ्या, मध्ये चार बोटांपेक्षा जास्त फट नको, पाणी जाईल आणि जनावर अडेल. आणि तेवढाही खर्च नको असेल तर पुढच्या वर्षी रताळी पोत्यांत किंवा सिमेंटच्या रिंगेत लावा, घराच्या जवळ, खळ्याच्या कडेला. डुक्कर निघालं तर मात्र ही जाळी पुरणार नाही, ते जोर लावून पाडतं, मग जांभ्याचा गडगाच उंच आणि पक्का करावा लागतो.

शेजारच्या काकांचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. घरातला २३० व्होल्टचा प्रवाह तारेत सोडला की ती तार डुक्कर, गाय, पहाटे परड्यात गेलेल्या सासूबाई आणि चेंडू आणायला आलेली शेजारची मुलं यांच्यात फरक करत नाही. अशाने माणसं मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात, आणि तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, वीजचोरीचं आणि वन्यजीव कायद्याचं वेगळंच. बाजारात झटका मशीन मिळतं, सौर पॅनलवर चालणारं, ते वेगळं. त्यात प्रवाह सतत नसतो, साधारण सेकंदाला एक अगदी क्षणभराचा झटका येतो, जनावर दचकून मागे होतं, मरत नाही. पण ते मोठ्या बागेला परवडतं, शिवाय गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणजे पावसाळाभर तारेखालचं गवत काढत बसा. तुमच्या परड्याला मी ते सुचवणार नाही.

आता वानरं. तुम्ही वानर लिहिलंय पण एकदा बघून खात्री करा, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं की लाल तोंडाची माकडं, ज्यांना खाली सिंधुदुर्गाकडे केलडी म्हणतात? हा फरक कामाचा आहे. वानराचं पोट पाल्यासाठी बनलेलं आहे, त्याला शेवग्याचा पाला, कोवळी पालवी, फुलं, कळ्या, वालाचे शेंडे असं लागतं. माकडाला गालात पिशव्या असतात, ते भराभर कोंबतं आणि पळतं, हाताने डबा उघडतं, कडी काढतं, स्वयंपाकघरात येतं. शेवगा ओरबाडला आणि पपई एक घास घेऊन टाकली हे दोघंही करतात, पण घरात घुसून गूळ नेला असेल तर वानर नव्हे. तुम्ही घराच्या आतलं काहीच लिहिलं नाही त्यावरून मला वाटतं तुमच्याकडे वानरंच आहेत, आणि ते त्यातल्या त्यात बरं.

आणि ती येतात कशाला? तुमचं उत्तर आहे, सासूबाई ठेवतात म्हणून. काही अंशी खरं आहे हो, खायला घातलं की त्यांची माणसाची भीती जाते आणि मग ती गडग्यावरून ओटीवर आणि ओटीवरून मुलीच्या हातातल्या केळ्यापर्यंत येतात. पण शनिवार आठवड्यातून एकदा येतो. तुमच्या पत्रात मध्येच एक वाक्य आहे की मागच्या दाराशी फणसाची चारखंडं, आंब्याच्या साली, उष्टं सगळं खड्ड्यात टाकता. तो खड्डा उघडा आहे ना? मग ते रोजचं जेवण आहे, सातही दिवस, आणि ते सासूबाई एकट्या टाकत नाहीत. त्या खड्ड्यावर जाळीची चौकट टाका, वर दगड ठेवा, रोजच्या रोज वर माती आणि पालापाचोळा लोटा. खळ्यात वाळत घातलेलं आमसूल, काजूबी, सांडगे यांच्याजवळ माणूस तरी बसवा नाहीतर जाळीचं झाकण करा. हे सोडून बाकी काही केलंत तर पैसे पाण्यात.

बुजगावणं, खेळण्यातला वाघ, रबरी साप, जुन्या सीड्या टांगणं, त्या माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या मशिनी, या सगळ्याचा परिणाम थोडे दिवस असतो. वानराला एकदा कळलं की वाघ जागचा हलत नाही की ते वाघाच्या डोक्यावर बसतं. कुत्रा चांगला, पण दिवसा. रात्री परड्यात बांधून ठेवलात तर तुमच्या भागात बिबट्याला आमंत्रण आहे, अंधार पडला की कुत्रा घरात.

खरा उपाय म्हणजे काय वाचवायचं ते ठरवणं. सात-आठ गुंठे वानरांपासून बंद होत नाहीत, होणारही नाहीत, ती वरून येतात. पण दहा बाय बारा फुटांचा पिंजरा करता येतो, लोखंडी पाइपची चौकट, बाजूंनी आणि डोक्यावरही जाळी, त्यात मिरची, टोमॅटो, भेंडी, पालेभाजी, काकडी, म्हणजे रोजच्या कालवणाची सोय. खर्च एकदाच होतो. बाहेर मोकळ्यावर हळद, आलं लावा, यांच्या वाटेला वानरं सहसा जात नाहीत. पपई झाडावर पिकू देऊ नका, डोळा पडला, म्हणजे हिरव्यावर पिवळी रेघ आली की काढा आणि घरात तांदळात नाहीतर गवतात पिकवा, केळीच्या घडाचंही तेच. आणि शेवगा? शेवगा त्यांचा समजा. दोन झाडं आहेत ना, एक घराच्या अगदी लगत आहे ते छाटून बुटकं ठेवा म्हणजे हात पोचेल आणि नजर राहील, दुसऱ्याचा नाद सोडा.

मांडवावर मासे पकडायची जुनी नायलॉन जाळी टाकायचा विचार लिहिलाय. टाका, पण ताणून बांधा आणि जमिनीपासून फूटभर वर संपवा. ढिली जाळी मातीत लोळत राहिली की त्यात साप अडकतो, सुटायला धडपडतो तितकी जाळी अंगात रुतते, आणि मग सकाळी तुम्हाला दोरी समजून तिथेच हात घालायचाय. अडकलेला दिसला तर स्वतः कापायला जाऊ नका, गावातल्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा, त्यांचा १९२६ हा नंबर आहे.

सापाचा विषय निघालाच आहे तर त्या डांबरगोळ्या आजच वेचून काढा, हातात पिशवी घालून. सापाला त्यांचं काही वाटत नाही, तो त्यांच्या शेजारून जातो. पण एखाद्या लहान मुलाने किंवा कुत्र्याने गोळी गिळली तर ते विष आहे. आणि धामण बिनविषारी, ती तुमच्याकडे आली ती उंदीर-घुशींसाठी, म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही उद्या विषाची पेस्ट आणणार होतात त्यांच्यासाठीच. तिला हाकलून तुम्ही घुशींना मोकळं रान देताय. साप नको असेल तर लाकडांचा ढीग आणि कौलांची चळत भिंतीपासून लांब न्या, घुशींची भोकं बुजवा, रात्री बॅटरीशिवाय मागे जाऊ नका. घोणस, फुरसं, मण्यार, नाग ही आपल्याकडची खरी काळजीची मंडळी, आणि त्यांच्यासाठीही नियम हाच.

"कायमचा बंदोबस्त" हा शब्द तुम्ही तीनदा लिहिलाय. असा काही नसतो हो. वानरं पकडून नेली तरी जागा मोकळी दिसली की दुसरा कळप येतो, आणि जिथे सोडतात तिथल्या गावाला नवा त्रास. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वानराला स्वतःहून पकडणं, फास लावणं, विष घालणं गुन्हा आहे, साळिंदराचंही तसंच, पकडायचं असेल तर वनखात्याने. तुम्ही विचारलंत पूर्वी एवढा त्रास का नव्हता. पूर्वी प्रत्येक घरात दिवसभर चार माणसं परड्यात असायची, ओरडायला पोरं होती, शेतं कसलेली होती. आता निम्मी घरं बंद, माणसं मुंबईत, पडीक जमिनीत कमरेएवढं रान वाढलंय, त्यात डुकरं आणि साळिंदरं मजेत राहतात. तुमच्या शेजारची दोन परडी बंद आहेत असं तुम्हीच लिहिलंय. तिथलं रान तोडायची परवानगी मालकांकडे फोन करून मागा, माझ्या मते कुंपणापेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

आता सासूबाई. तुम्हाला वाटतंय त्या हट्टी आहेत, देवभोळ्या आहेत. असतीलही. पण सासरे गेले आणि त्यांचं शनिवारचं काम त्यांनी हातात घेतलं, हे तुम्हीच लिहिलंत आणि पुढच्या ओळीत विसरलात. त्यांना "वानरांना घालू नका" म्हणणं म्हणजे त्यांच्या कानाला काय ऐकू येत असेल याचा जरा विचार करा. त्यात रताळ्यांचा आरोप खोटा निघालाय, तर बोलायची सुरुवात तिथूनच करा. काटा घेऊन त्यांच्याकडे जा आणि विचारा, आई, हे कुणाचं? मला जवळपास खात्री आहे की त्या तुम्हाला साळ कुठल्या वाटेने येते, आधी कुठल्या परड्यात यायची, सासऱ्यांनी तेव्हा काय केलं होतं हे सगळं सांगतील. "रताळी तुमच्या भाकरीने गेली नाहीत" हे त्यांना तोंडाने सांगा, नुसतं मनात ठेवू नका.

मग हळूच दुसरा विषय. मुलगी शाळेतून येताना हातात खाऊ असतो, वानर हिसकावतं, ओरबाडतं, चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन सरळ आरोग्य केंद्रात रेबीजची लस घ्यायला पळायचं, हे त्यांना सांगा. वानराच्या पोटाला भाकरी-शेंगदाणे मानवत नाहीत, ते पाल्याचं पोट आहे, मारुतीरायाला अपचन कशाला करायचं, हेही सांगा, हसतील. आणि शनिवार बंद करू नका, जागा बदला. मारुतीच्या देवळात तेल, रुईच्या पानांची माळ, नारळ, आणि शेंगदाणे-गूळ तिथल्या पोरांना. देवळाबाहेर वानरांना घालणं नको, तो त्रास नुसता शेजाऱ्याकडे सरकवणं झालं. भाकरी गाईला. पहिले दोन शनिवार तुम्ही त्यांच्याबरोबर जा. वानरं तरी गडग्यावर येऊन बसतील, वाट बघतील, काही आठवडे जास्तच दंगा करतील, तेव्हा एकदाही काही टाकू नका. एकदा दिलंत की परत पहिल्यापासून.

राहिली ती पाइपची बंदूक. त्यात कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडून गॅस होतो आणि तो पेटवून आवाज काढतात. आवाज नाही झाला की माणूस हमखास नळीत डोकावून बघतो आणि नेमका तेव्हाच बार होतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळकडे, अशा बंदुकांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, काहींची दृष्टी गेली. तुमच्या घरात चौथीतली मुलगी आहे, ती वस्तू घरात ठेवूच नका, आणि वानरं आवाजालाही सरावतातच. नवऱ्याला सांगा, बंदूक नको, शिमग्याला येताना रजा चार दिवस जास्त टाका. फणसाच्या आणि आंब्याच्या ज्या फांद्या कौलांवर आल्यात त्या दहा-बारा फूट मागे तोडायच्या आहेत. त्याने वानरं थांबणार नाहीत पण छपरावर उतरणं अवघड होईल आणि कौलं पावसाआधी एकदा नीट बसवून घेता येतील. आणि तो फूटभर चर, तेहतीस फुटांच्या चारही बाजूंनी, तुम्ही एकटीने खणायचा नाहीये.